अपडेटचा गुण की पावसाचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर गेल्या आठवड्यात ‘लॅपटॉप गरम होऊन मंदावतोय? आधी अपडेट टाका’ अशी चौकट वाचली. सल्ला चुकीचा नाही. मी तो जूनमध्येच ऐकला होता. पण त्याच चौकटीत शेवटी ‘अपडेटनंतर बहुतेक ग्राहक समाधानी’ असं एक वाक्य होतं आणि तिथे मी अडले. जून महिन्यात त्या समाधानी ग्राहकांत मीही होते. आता ऑक्टोबरात नाही. लॅपटॉप तोच, अपडेट तोच. मधे बदललं ते फक्त मुंबईचं हवामान.

मी लग्नाच्या फिल्म एडिट करते. गिरगावात चाळीतली बारा बाय पंधराची खोली, खाली सासूबाई, त्यांचा टीव्ही आणि स्वयंपाक, वर पोटमाळ्यावर मी, दोन हार्ड डिस्क आणि लॅपटॉप. पोटमाळ्यावर सरळ उभं राहता येत नाही आणि डोक्यावर थेट कौलं. खालच्या फोडणीचा वास आणि उष्मा दोन्ही वर येतात. एसी लावायचा विचार दोनदा झाला. पण पोटमाळ्याच्या फळ्यांमधून अर्धा गारवा खाली सासूबाईंना, आणि बिल मला, म्हणून तो बेत राहिला.

गेल्या दिवाळीत सव्वा लाखाचा लॅपटॉप हप्त्यांवर घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे कुणा एका कंपनीपुरतं नाही असं आता माझं मत झालंय. हिवाळ्यातला लग्नाचा मोसम सुरेख गेला. डिसेंबरमध्ये ६२ मिनिटांची एक फोरके (खूप बारीक तपशिलाची) फिल्म एक्सपोर्टला, म्हणजे एडिट झालेली फिल्म एका तयार फाइलमध्ये काढायला, लावली, ४१ मिनिटांत बाहेर आली. मी हे वहीत लिहून ठेवते, कारण गिऱ्हाईक ‘ताई, कधी देता?’ विचारतं तेव्हा आकडा द्यावा लागतो.

एप्रिलपासून तो आकडा बिघडायला लागला. ५५, मग ७०. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी डिसेंबरचीच फिल्म पुन्हा लावून पाहिली. तेच फुटेज, तेच इफेक्ट, एडिटिंगचं सॉफ्टवेअरही मुद्दाम न बदललेलं, चार्जर लावलेला. १ तास २२ मिनिटं! पहिली दहाएक मिनिटं लॅपटॉप उधळल्यासारखा पळायचा, मग धापा टाकायचा, मग पुन्हा पळायचा. आमच्या धंद्यात याला ‘मशीन झोपलं’ म्हणतात. टेबलफॅन मी त्याच्याकडे वळवला. पंखा त्याला आणि पदराचा वारा मला, असा मे महिना काढला.

प्रिन्सेस स्ट्रीटवरून एक साधा थर्मामीटर आणून तुळईला टांगला. दुपारी तीनला पोटमाळ्यावर ३८ अंश. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेचा आकडा ३४ च्या आसपास छापून आला होता. वेधशाळेचा थर्मामीटर सावलीत, मोकळ्या वाऱ्यात असतो. माझा कौलाखाली.

सेवा केंद्रात गेले. काचेचं दार, आत गारठा. तिथल्या मुलाने लॅपटॉप चालू केला, पंधरा मिनिटं कसलीशी चाचणी लावली आणि म्हणाला, “मॅडम, मशीन ओके आहे.” त्याचं खोटं नव्हतं. त्या गारठ्यात मीसुद्धा ओके होते.

इथे थोडं आतलं सांगते, कारण याचा संबंध पुढच्या सगळ्याशी आहे. प्रोसेसर स्वतःचं तापमान सतत मोजत असतो. शंभर अंशांच्या आसपास त्याची हद्द असते. ती जवळ आली की जळण्यापेक्षा बरं म्हणून तो स्वतःचा वेग उतरवतो. यात गैर काही नाही, उलट ते संरक्षण आहे. प्रश्न असतो तो वेग उतरवायचा कसा याचा. दूध तापवताना नवशिका माणूस ते वर आलं की घाबरून गॅस बंद करतो, खाली गेलं की पुन्हा मोठा करतो. सरावलेली बाई आधीच आच मध्यम करते, आणि गंमत म्हणजे तिचं दूध लवकर होतं. वेग थोडा वाढवायला वीज मात्र बरीच जास्त लागते, आणि त्या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. म्हणून सतत मध्यम वेगाने चालणारं मशीन कधीकधी धावून धापा टाकणाऱ्याच्या आधी पोहोचतं. सॉफ्टवेअरचा अपडेट एवढंच करू शकतो: आच कधी कमी करायची, पंखा कधी जोरात लावायचा, एकूण वीज किती घ्यायची हे बदलतो. उष्णता बाहेर नेणाऱ्या आतल्या तांब्याच्या नळ्या आणि जाळी होती तेवढीच राहते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो अपडेट आला. बायोसचा, मशीन सुरू करणाऱ्या मुळातल्या सॉफ्टवेअरचा होता, म्हणजे स्क्रीन काळी, पंखा फुल आणि आपण चार्जरला हात न लावता देवाचं नाव घेत बसायचं. सोबतच्या टिपेत एक ओळ: ‘जास्त भाराखाली तापमान व्यवस्थापनात सुधारणा.’ काय बिघडलं होतं, कधीपासून, कुणाच्या मशीनमध्ये, काही नाही. १६ जूनला मी तीच फिल्म लावली. ४९ मिनिटं. मी खाली उतरून सासूबाईंना साखर दिली.

दोन दिवसांनी अल्बम आणायला दादरच्या लॅबमध्ये गेले. तिथे बाकड्यावर नंबर येईपर्यंत आमच्या धंद्यातली माणसं भेटतात. त्या दिवशी या अपडेटशिवाय दुसरा विषयच नव्हता. डोंबिवलीचे एक काका, वीस वर्षं व्हीएचएसपासून यात आहेत, म्हणाले, “देव पावला हो! माझी दोन-दोन तासांची फिल्म तासात येतेय.” परळच्या ताईंचं म्हणणं वेगळं. त्या फिल्मवर स्वतःच्या आवाजात निवेदन भरतात. त्यांचा वेग वाढला, पण पंखा आता पिठाच्या गिरणीसारखा सुरू होतो आणि निवेदनात येतो. त्यांना आधीचंच बरं वाटत होतं, आणि आधीच्यावर परत जायची सोय कंपनीने ठेवलेली नाही. भांडुपचा मुलगा हॉलवरच एडिट करून रिसेप्शनला दाखवतो. त्याची तक्रार बॅटरीची, आधी दोन तास टिकायची, आता सव्वा. वसईच्या एकाने तर विचारलं, “कुठला अपडेट?” त्याच्या खोलीला एसी आहे. त्याचं मशीन कधी झोपलंच नव्हतं, त्यामुळे जागं झाल्याचंही कळलं नाही. एकाने अपडेट टाकलेलाच नव्हता, कारण मागे कुठल्या तरी अपडेटने त्याच्या मेव्हण्याचा लॅपटॉप काळा पडून राहिला होता. त्याला कुणी पटवायला गेलं नाही. सगळ्यांच्या घरी असा एक मेव्हणा असतो.

पण माझ्या डोक्यात राहिला तो कल्याणचा एक जण. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मी मेमध्येच विकला.” लाखाच्या वर किमतीचा लॅपटॉप, ‘झोपणारं मशीन’ म्हणून त्याने साठ हजारांत काढून टाकला आणि कर्ज काढून दुसरा घेतला. तीन आठवड्यांनी अपडेट आला. “तेव्हाच सांगितलं असतं, की आम्ही बघतोय, थांबा, तर थांबलो असतो की.” कुणीच काही बोललं नाही. तेवढ्यात काउंटरवरून काकांचा नंबर पुकारला गेला आणि ते जाता जाता म्हणाले, “जाऊ दे रे, फुकट तरी दिला ना अपडेट!”

हे ‘फुकट’ मला तेव्हाच खटकलं होतं. सव्वा लाख घेऊन उन्हाळ्यात अर्ध्या वेगावर येणारी वस्तू दुरुस्त करून देणं याला फुकट म्हणत असतील, तर उद्या शिंप्याने उसवलेली बाही शिवून दिली तर त्याला ओवाळायला हवं. तरी मी त्या दिवशी भांडले नाही, कारण माझीही ४९ मिनिटं झाली होती आणि मी खूश होते.

मुंबईत पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. हे आपण सगळे पाठ म्हणतो, पण त्या बाकड्यावर एकाच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, की अपडेट आणि पाऊस एकाच आठवड्यात आले. १६ जूनला माझ्या तुळईवरचा थर्मामीटर ३० दाखवत होता. मेच्या तुलनेत आठ अंश खाली! त्या दिवशी अपडेट नसता तरी लॅपटॉप काही प्रमाणात सुधारलाच असता. आम्ही सगळ्यांनी पावसाचं श्रेय कंपनीला देऊन टाकलं.

हे लक्षात आलं ते आत्ता, ऑक्टोबरच्या उन्हात. पाऊस गेला, वारा पडला, पोटमाळा दुपारी पुन्हा ३७. नवरात्रातल्या एका साखरपुड्याची फिल्म अडकली तेव्हा मी ती जुनी ६२ मिनिटांची काढून पुन्हा लावली. ६३ मिनिटं. वहीत सगळं शेजारीशेजारी मांडलं. मे ८२, जून ४९, ऑक्टोबर ६३. जूनमध्ये मी ३३ मिनिटं वाचवल्याचा आनंद केला होता. त्यातली १४ पावसाची होती, ती परत गेली. उरलेली १९ अपडेटची धरायची. एकोणीस मिनिटं ही चांगलीच गोष्ट आहे, मी नाकारत नाही. पण डिसेंबरच्या ४१ पासून ती अजून लांब आहे.

माझी बाजूही साफ नव्हती, तेही सांगते. शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे आणि सहा महिने आम्ही सिमेंट खातोय. लॅमिंग्टन रोडवरच्या एका जुन्या दुकानात लॅपटॉप उघडला तेव्हा आतल्या जाळीवर राखाडी नमद्यासारखी धुळीची गादी होती. कारागीर चिमट्याने ती सोलून काढत म्हणाला, “भाभी, हे तर आसन झालं.” प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी त्याच्यावरची पेस्टही वाळून कडक. साफसफाई आणि नवी पेस्ट मिळून आठशे रुपये. त्यानंतर त्याच दुपारच्या उकाड्यात ५५ मिनिटं. म्हणजे ऑक्टोबरच्या ६३ मधली आठ मिनिटं माझ्या धुळीची होती, आणि तेवढा अपडेटचा वाटा मी कदाचित कमी धरला. हिशेब असा सोपा नाही. पण हिशेब करायला मला वही, थर्मामीटर आणि दहा महिने लागले. बाकड्यावरच्या कुणाकडे एवढा वेळ असणार?

चाळीतल्या अप्पांनी मे महिन्यात एक उपाय सुचवला होता, लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेव. मी हसले होते. नंतर मुलाने सांगितलं की हे कुणीतरी खरंच केलं आहे. जुलै २०१८ मध्ये डेव्ह ली या यूट्यूबरने ॲपलचा नवा १५ इंची मॅकबुक प्रो तपासला. कोअर आय नाईन या वरच्या दर्जाच्या प्रोसेसरचा, मूळ वेग २.९ गिगाहर्ट्झ आणि ‘४.८ पर्यंत’. त्याची फिल्म एक्सपोर्ट व्हायला ३९ मिनिटं लागली. आदल्या वर्षीच्या, त्याहून साध्या आय सेव्हन प्रोसेसरच्या मॅकबुकला ३५ लागत होती! मग त्याने तोच नवा लॅपटॉप फ्रीझरमध्ये ठेवून पाहिला आणि २७ मिनिटांत काम झालं. म्हणजे प्रोसेसर दमदार होता, त्याला थंड ठेवणं जमत नव्हतं. आठवडाभरात, २४ जुलैला, ॲपलने सांगितलं की फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, तापमान सांभाळणाऱ्या व्यवस्थेची एक ‘डिजिटल की’ राहून गेली होती. अपडेट दिला आणि ग्राहकांची माफी मागितली. डेव्ह लीनेही पुन्हा मोजून फरक पडल्याचं सांगितलं.

(अप्पांसाठी आणि इतर प्रयोगशील वाचकांसाठी: मुंबईत हे करू नका. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला आपल्या दमट हवेत जसा घाम फुटतो तसा तो लॅपटॉपलाही फुटतो, आणि तो पुसायला आत हात जात नाही.)

ती ‘की’ राहिलीच कशी, हजारो मशीन विकण्याआधी कुणी अर्धा तास फिल्म लावून पाहिली नव्हती का, हे प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारले. तरी त्या प्रकरणात काय चुकलं ते निदान एका वाक्यात कळलं. ॲपलनेच त्याच्या आदल्या वर्षी जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून गुपचूप उतरवल्याचं उघड झालं होतं. कारण बॅटरीचं होतं आणि ते खरंही असेल, पण सांगितलं नव्हतं म्हणून लोक चिडले, आणि शेवटी भारतात बॅटरी बदलायचा दर ६,५०० वरून २,००० रुपयांवर आणावा लागला. माझ्या कंपनीच्या टिपेत मात्र ‘सुधारणा’. बिघाड कुठे होता हे न सांगता झालेली सुधारणा.

आता माझा मुद्दा. हा घोळ सुरू होतो खोक्यावरच्या एका शब्दापासून, आणि तो शब्द म्हणजे ‘पर्यंत’. दादरला रानडे रोडवर ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ अशी पाटी दिसली की आपण हसून आत जातो, कारण पन्नास टक्के फक्त त्या कोपऱ्यातल्या टॉवेलवर असतात हे आपल्याला ठाऊक असतं. लॅपटॉपच्या खोक्यावर ‘अमुक गिगाहर्ट्झपर्यंत’ असतं तेव्हा मात्र आपण तोच आकडा धरून हप्ते भरतो. तो वेग किती वेळ टिकेल, किती तापमानाच्या खोलीत टिकेल, हे कुठेही छापलेलं नसतं. लॅपटॉपच्या पोटाखाली भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो मीही आशेने वाचला. पण ती नोंदणी सुरक्षिततेची आहे. शॉक लागू नये, आग लागू नये, हात भाजू नये यासाठी. वेगाचं त्यात काही नाही.

छताच्या पंख्याला जानेवारी २०२३ पासून ताऱ्यांचं लेबल सक्तीचं झालं. अडीच हजारांचा पंखा घेताना मला समजतं की तो किती वीज खाऊन किती वारा देईल. सव्वा लाखाच्या लॅपटॉपबद्दल एवढंही समजू नये? माझी मागणी फार नाही. खोक्यावर आणखी एक आकडा छापा: ३५ अंशांच्या खोलीत, तासभर पूर्ण भार टाकल्यावर उरणारा वेग. आणि अपडेटने तो आकडा बदलला, वर किंवा खाली, तर टिपेत जुना आणि नवा दोन्ही लिहा. पंख्याचा आवाज वाढणार असेल, बॅटरी कमी टिकणार असेल तर तेही लिहा. परळच्या ताईंना ठरवू दे की त्यांना वेग हवा की शांतता.

३५ अंश म्हणजे वाळवंट नव्हे. ते ठाणे, कल्याण, पनवेल, आणि एसी नसलेली अर्धी मुंबई. लॅपटॉप इथे विकायचे आणि वेग गारठ्यातल्या खोलीत मोजायचा, हे किती दिवस चालवायचं? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूच्या दर्जाची आणि क्षमतेची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क म्हटलेला आहे. ‘पर्यंत’ ही माहिती आहे की नाही, याचा विचार वकील मंडळींनी करावा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून ग्राहकांसाठी झटते आहे. तिने हा विषय हाती घ्यावा अशी मी त्यांनाही वेगळी विनंती केली आहे. कल्याणच्या त्या मुलाचे पैसे यातून परत येणार नाहीत, हे मला माहीत आहे.

तुम्हाला एक विनंती. दिवाळी खरेदीच्या पुरवणीत दरवर्षी आपण लॅपटॉपचा तक्ता छापता: किंमत, रॅम, वजन, स्क्रीन. यंदा त्यात एक रकाना वाढवा. दुकानातून चार मशीन मागवा, एकच फिल्म चारही मशीनवर तासभर लावा आणि पहिल्या दहा मिनिटांतला व शेवटच्या दहा मिनिटांतला वेग शेजारीशेजारी छापा. खोलीचं तापमान मात्र वर ठळक लिहा. तुमच्या कचेरीत एसी असेल, तिथे ही चाचणी करून उपयोग नाही. आमचा पोटमाळा मोकळा आहे. दुपारी तीनच्या सुमाराला या, चहा सासूबाई देतील. शिडीची तिसरी पायरी तेवढी जपून.

आपली,
एक व्हिडिओ एडिटर, गिरगाव, मुंबई
(गिऱ्हाइकांना माझ्या उशिराची कारणं कळू नयेत म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)